दुपारच्या नमाजापर्यंत

शिवाजी पेठेतल्या लालासाब टांगेवाल्याची मैना ही पांढरी घोडी फार लाडावलेली होती, आणि तिला लाडावलं होतं लोकांच्या लग्नांनी. एरवी ती टांग्याला असे, पण लग्नसराई आली की नवरदेवाची होई. मखमली झूल, कपाळावर गोंडे, खुरांना आणि शेपटीला मेंदी असा तिचा थाट. वरातीच्या घोडीला पळायचं नसतं. बँड वाजला की तिनं थांबायचं, पोरं नाचून दमली की पुन्हा चार पावलं टाकायची. आणि दारात कुणी बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी दिसली की थांबायलाच हवं, कारण नवरदेव मांडवात उतरताना घोडीच्या पायांवर पाणी घालतात आणि तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारतात. हे मैनेच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की टांग्याला असतानाही कुणी बाई तांब्या घेऊन बाहेर आली की ही भर रस्त्यात उभी. मागं बसलेलं गिऱ्हाईक करवादायचं आणि लालासाब हसून म्हणायचा, "बाईसाब मानाच्या हायत, जरा दमानं घ्या."

त्या वर्षी सीमाभागाचं भांडण पुन्हा पेटलं होतं. दगडफेकीमुळं पलीकडं जाणाऱ्या एसट्या बंद होत्या आणि रेल्वेचाही भरवसा नव्हता, रुळावर माणसं बसली की गाडी तिथंच उभी. नेमक्या अशा दिवसांत एका सकाळी गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी गणपतराव स्वतः चालत टांग्याच्या अड्ड्यावर आले. एरवी ते जागचे हलणारे नव्हते. त्यांना येताना पाहूनच लालासाब टांग्यावरून खाली उतरला.

"लालासाब, दुकानात ट्रंककॉल आलता. तुझ्या जावयानं केलता, अथणीहनं. शमशाद जरा सिक हाय म्हणं."

"जरा?"

गणपतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजी जास्त हाय. पोरगी झालीया, ती बरी हाय. उद्या दुपारच्या नमाजापर्यंत पोच म्हणत्यात."

आजारी माणसाला नमाजाची वेळ कशाला लागते? ते गणपतरावांनाही कळलं होतं आणि लालासाबलाही. आपल्याकडं तारेत आणि फोनवर मेलेलं माणूस कधी मेलेलं नसतं, ते सिरीयसच असतं. ख्वाजा, त्याचा जावई, बिचारा एवढंच सांगत होता, की दुपारच्या नमाजापर्यंत मी माती थांबवून धरतो, तोवर या आणि लेकीचं तोंड बघा. लालासाबनं "बरं" म्हटलं आणि तो मैनेचे पट्टे सोडायला लागला.

आदल्याच दिवशी एका लग्नात मिरवून आलेली मैना अजून मेंदीनं लाल होती. शेपटी धुवायला त्याला सवड नव्हती. टांगा अड्ड्यावर सोडून त्यानं तिच्या पाठीवर खोगीर टाकलं, कधी नव्हे ते स्वतः वर बसला आणि अथणीच्या वाटेला लागला. अथणीच्या अलीकडचं शमशादच्या सासरचं गाव म्हणजे चांगली दोन दिवसांची मजल होती, आणि त्याच्याकडं दीड दिवस होता.

वाटेत त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. शमशादचं हे पहिलंच बाळंतपण, म्हणजे ते माहेरी व्हायला हवं होतं. पण तिची आई अमीरबी जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात बाईमाणूस नव्हतं. शमशादची सासू म्हणाली, "हितंच करतो की आमी." तेव्हा लालासाबला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणंच आता त्याच्या उरावर बसलं होतं. आणलं असतं तर कोल्हापुरात एवढे दवाखाने होते, असं तो मैनेला पुन्हा पुन्हा सांगत होता.

हातकणंगल्याच्या पुढं मैना पहिल्यांदा थांबली. रस्त्याकडेच्या एका घरातली म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली होती, तोंड धुवायला. दारात पांढरी घोडी, खुरांना मेंदी, म्हातारी हरखून गेली. तिनं घोडीच्या पायावर पाणी घातलं आणि आत जाऊन ओंजळभर डाळ आणली.

"कुणाचं लगीन म्हणायचं, पावणं?"

"लगीन न्हाय, आज्जी. लेकीकडं चाललोय." एवढ्यावर थांबायचं होतं, पण तोंडातून पुढचंही गेलं. "बाळंत झालीया. पोरगी झालीया."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त एक शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता. तो जोवर त्यानं कुणापाशी उच्चारला नव्हता, तोवर शमशाद बाळंतीण होती, बाजेवर पडलेली होती, बापाची वाट बघत होती. अशा वेळी माणूस कसल्याही काडीला धरतो आणि त्याला दोष देण्यात काही अर्थ नसतो. पण त्याची किंमत त्याला पुढं मोजावी लागली हेही खरं. मयताला निघालेल्या माणसाला आपल्याकडं कुणी अडवत नाही. त्याला चहा विचारत नाहीत, बसा म्हणत नाहीत, मुकाट्यानं वाट सोडतात. आणि बाळंतिणीच्या बापाला मात्र कुणी सुकं जाऊ देत नाही.

म्हातारीनं त्याला उतरवून चहा पाजला. पुढं एका गुऱ्हाळावर मैनेला गुळाचा खडा मिळाला आणि त्याला रस. जयसिंगपूरच्या बाजारात एका कापडवाल्यानं दुकानातून हाक मारून विचारलं आणि लाल छिटाची कुंची त्याच्या हातात ठेवली. "नातीला माझ्याकडनं," म्हणाला. लालासाबनं ती कुंची सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवली. सगळी माणसं चांगली होती. एवढी चांगली माणसं त्याला उभ्या जन्मात एका दिवशी भेटली नव्हती, आणि त्यातल्या एकालाही तो खरं सांगू शकला नाही.

शिरोळला पोचला तेव्हा दिवस मावळत होता. कृष्णेवरची नाव अंधार पडल्यावर चालत नव्हती, पहिली नाव आता पहाटे. ती मिळाली तर दुपारच्या आत गाव गाठता येणार होतं. घाटावरच रात्र काढायची असं त्यानं ठरवलं, पण नदीच्या वाटेवरच्या शेवटच्या घरासमोर मैना पुन्हा उभी राहिली. दारात चिमणाबाई तांब्या घेऊन उभी होती, रानातून परतलेल्या गाईच्या पायांवर पाणी घालायला निघालेली.

ही चिमणाबाई म्हणजे हंबीररावांची बायको. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. चार पोरगे झाले, लेक एकही नाही, आणि त्या एका गोष्टीवरून ती देवाशी अजून भांडत होती. बाळंत झालेली लेक, पहिली नात, हे ऐकल्यावर ती लालासाबला सोडते होय?

"घाटावर झोपतासा? आमी काय मेलोय काय? हंबीरराव, घोडी आत बांधा!"

नवऱ्याला नावानं हाक मारणारी बाई लालासाबनं पहिल्यांदाच बघितली. हंबीरराव हसत हसत उठले, त्यांनी मैनेला गोठ्यात बांधून पुढ्यात कडबा टाकला, तिचा एक नाल हलत होता तोही ठोकून दिला. चिमणाबाईनं भाकरी आणि दूध पुढं ठेवलं. लालासाबनं भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

"जेवा की. का लेकीची सय यायला लागलीया?"

"व्हय, आक्का."

"तिची आई गेली असंल म्होरं?"

"न्हाय. ती वारली. दोन वर्सं झाली."

चिमणाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "म्हंजी त्या पोरीला डिंक-खोबरं घालाया कोनच न्हाय." लालासाबला वाटलं ती नुसती हळहळतेय. तो ओसरीवर आडवा झाला.

पहाटे तो उठला तेव्हा चूल पेटलेली होती आणि घरभर तुपाचा वास होता. चिमणाबाई तुपात डिंक तळत होती. शेजारी किसलेल्या खोबऱ्याची परात, खारका कुटलेल्या, गूळ चिरलेला. कोंबडा आरवायच्या आधी ती उठली असणार. लालासाबनं मैनेवर खोगीर चढवलं आणि दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, निगतो. नाव चुकंल."

"थांबा. हे काय, झालंच. पाक आला की वळायचं न्हवं?"

"पहिलीच नाव गाठाया पायजे, आक्का."

"दुसरी हाय की! मोकळ्या हातानं बाळंतिणीकडं जातासा व्हय? आई न्हाय म्हणून तिला कोन न्हाय असं वाटाया नगं. तिला सांगा, शिरोळात एक आई हाय म्हणावं."

लालासाबनं तोंड उघडलं. खरोखर उघडलं. आता सांगूया, असं त्यानं मनात म्हटलंही. पण समोर ती बाई बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तुपानं माखलेले, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की घरात तिचीच लेक बाजेवर आहे. तिच्यापुढं तो शब्द टाकायचा म्हणजे त्या परातीतच राख टाकायची. काल त्याला तो शब्द स्वतःसाठी बोलवत नव्हता, आज तिच्यासाठीही बोलवेना. तो लगाम धरून उभा राहिला. ती एकेक लाडू वळून पितळी डब्यात ठेवत होती आणि घाटावरून नावाड्याची हाळी ऐकू आली. मग ती हाळी थांबली.

तो घाटावर पोचला तेव्हा पहिली नाव पलीकडं लागलेली दिसत होती. दुसरी नाव भरायला चांगलं ऊन व्हायचं. दुसऱ्या नावेचा नावाडी गुंडू काठावर बिडी ओढत बसला होता. त्यानं लालासाबच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं, बिडी विझवली आणि एकट्या माणसासाठी नाव पाण्यात लोटली. कुठं, कशाला, काही विचारलं नाही. मैना पोहत आली, तिचा लगाम लालासाबच्या हातात. पलीकडं उतरल्यावर गुंडू एवढंच म्हणाला, "जावा, बिगी बिगी जावा." या सबंध वाटेत त्याला वाट सोडणारा तो एकच माणूस भेटला, आणि तोही उशिरा.

पुढं लालासाबनं जन्मात पहिल्यांदा मैनेला चाबूक मारला. ती पळाली, पण कागवाड ओलांडल्यावर पुन्हा दारादारांत बाया, पुन्हा तांबे, आणि पुन्हा ही उभी. तिला बिचारीला काय ठाऊक? शेवटी त्यानं खाली उतरून डोक्याचा पटका सोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि झापडासारखे तिच्या डोळ्यांच्या बाजूंनी बांधले. उघड्या डोक्यानं, भर उन्हात, तो तिला हाणत राहिला. सूर्य डोक्यावर आला. मग तो कलला. लालासाब त्याच्याकडं बघायचं टाळत होता.

गावाच्या शिवेवर त्याला माणसं भेटली. ती गावाकडं परत निघाली होती, कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. सगळ्यांत मागं ख्वाजा होता, आणि त्याच्या हातांना ओली माती होती.

ख्वाजा त्याला बघून जागीच थांबला. "अब्बा," तो म्हणाला, "लई वाट बघितली. नमाज झाला तरी थांबलो. मौलवी म्हणाले आता ठेवाया नगं, ऊन लई हाय. आत्ताच... आत्ताच माती दिली, अब्बा."

लालासाब कबरीपाशी गेला. माती अजून ओलसर होती, वर शिंपडलेलं पाणी पुरतं मुरलंही नव्हतं. त्यानं आपल्या वाटणीच्या तीन मुठी घातल्या. तीन हात मातीखाली त्याची लेक होती आणि आता ती दिसणार नव्हती. तो तिथं खाली बसला आणि रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. ख्वाजा बाजूला उभा राहून रडला. आदल्या दिवसापासून आवरून धरलेलं सगळं तिथं गेलं, पण त्यानं काही हलकं झालं असं कुणी समजू नये.

नात शेजारच्या एका बाईच्या अंगावर पीत होती. रोशनबी तिचं नाव, तिचं स्वतःचं पोर चार महिन्यांचं. जयसिंगपूरची कुंची नातीच्या डोक्याला मोठी झाली. पितळी डबा लालासाबनं शमशादच्या सासूपुढं ठेवला, आणि तिनं उघडून बघितला तेव्हा तिला कुणाला द्यायचं ते कळेना. मग लाडू रोशनबीलाच दिले. दोन पोरांना पाजणारीला ते लागणारच होते.

तिसऱ्या दिवसाची जियारत उरकल्यावर तो परत निघाला. शिरोळ टाळून मिरजेवरून जावं असं त्याच्या फार मनात होतं. पण दुसऱ्याचा डबा ठेवून घेणं त्याला बरं वाटेना. आता पंचाईत अशी, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात, चार दाणे तरी टाकतात. पण सुतकाच्या घरातून गोड काय आणि कसं द्यायचं? डबा घासून, पुसून, रिकामाच त्याच्या पिशवीत आला.

चिमणाबाई अंगणात शेण्या थापत होती. मैना दिसताच ती उठली, हात न धुताच पुढं आली. "आला का! नात कुणावर गेलीया? लाडू आवडलं का तिला?"

लालासाबनं डबा पुढं केला. तिनं तो घेतला, आणि बायकांची सवय असते तसं बोलता बोलताच झाकण उघडलं. आत काही नव्हतं. तिनं आत बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. त्याच्या उघड्या डोक्याकडं, वाढलेल्या दाढीकडं.

"पावणं," तिचा तो आवाज पार खाली आला होता. "काय झालं?"

"गेली, आक्का." तो शब्द पहिल्यांदा त्याच्या तोंडातून निघाला.

"अगं आई. कवा?"

खोटं बोलायला हवं होतं ते इथंच, पण त्याच्या ध्यानात आलं नाही. "मी कोल्हापुरातनं निगायच्या आदीच. दुसऱ्या दिवशी दुपारी माती व्हती."

चिमणाबाई मनात त्या पहाटेचा हिशेब मांडत होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दारात उभी घोडी, घाटावरची हाळी, परातीतले लाडू. डबा तिच्या हातातून खाली पडला आणि घरंगळत गेला.

"म्हंजी तुमी मातीला चाललावता. आन म्या तुमाला..." तिनं घाटाकडं बघितलं. "नाव चुकंल म्हणालासा तुमी. दोनदा म्हणालासा. अवं, बोलायचं हुतं की वो! एक सबूद बोलायचा हुता!"

लालासाब तिच्याकडं बघत राहिला आणि त्याला दिसलं, की आता आपण जे बोलू ते या बाईच्या जन्माला पुरणार आहे. आपल्याला पुरायचं तेवढं पुरलंच आहे.

"मी पोचलो, आक्का," तो म्हणाला.

"काय?"

"वेळेवर पोचलो. त्या गुंडूनं एकट्याला पार केलं बगा. आन तुमच्या कडब्यानं घोडीच्या अंगात जोर व्हता, म्हणून पोचलो. माजी वाट बघत थांबली व्हती सगळी."

"खरं सांगतासा?"

"खरं."

"तोंड बघाया मिळालं लेकीचं?"

"मिळालं."

ती तिथंच पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. ज्या पोरीला तिनं कधी बघितलं नव्हतं तिच्याबद्दल तिला आता विचारावंसं वाटत होतं. "कशी दिसत व्हती वो?"

लालासाब मैनेच्या मानेवर हात ठेवून उभा होता. त्याला वाटलं होतं आता काही सुचणार नाही. पण एकदा कुठल्याशा वरातीहून परत येताना टांग्यात झोपलेली सात-आठ वर्षांची शमशाद त्याच्यापुढं आली, आणि तो सांगत गेला.

"झोपल्यावानी दिसत व्हती. तोंड जरा उगडं व्हतं, तिला तशी सवयच हाय ल्हानपनापास्नं. कपाळावर केसांची एक बट आलती. ती म्या मागं सारली."

चिमणाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिच्या छातीवरचं ओझं उतरलेलं त्याला दिसलं. तिनं सुस्कारा सोडला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "जाताना बापाचा हात तरी लागला पोरीला."

"व्हय, आक्का," लालासाब म्हणाला. "लागला."